पेवातली हवा

पेवात उतरण्याआधी कंदील सोडायचा.
दोरीला बांधून, हळू,
आडात पोहरा सोडतात तसा.
ज्योत विझली तर थांबायचं.
नाही विझली तर लेकरं.

आबा घाण्यावरचा माणूस,
दिवसभर बैलामागं गोल फिरायचा,
म्हणून त्याला सरळ बोलता येत नाही, असं आई म्हणायची.
एवढं एक मात्र सरळ सांगितलं त्यानं:
"वरून नाव घेईन. ज्याची त्यानं ओ द्यायची.
ओ आली न्हाई, की मी उडी घेणार."

आम्ही ओ देत नसू.
आम्ही म्हणायचो, हाजिर जनाब.
पहिल्या जमातीत तेवढंच पक्कं झालं होतं,
पुढं शाळाच बंद.

त्या उन्हाळ्यात नाक्यापलीकडून कधी कोण येईल, नेम नव्हता.
रात्री क्याम्पातली पोरं, दिवसा रझाकार,
भाकरी दोघांनाही लागायची.
थोरला मल्हारी बार्शीकडं गेला, तो एकदाच आला.
माझी पाटी मागून घेतली,
गोळी कशी जाते त्याची रेघ ओढून दाखवली
खिळ्यानं.
ती रेघ पुसली जाईना म्हणून मी रडले.

चिंचेवर बसायची पाळी माझी आणि जैबूनची.
धूळ दिसली की तांब्या बडवायचा.
एकदा मेंढरांची धूळ निघाली.
सगळं गाव जमिनीखाली,
आणि धनगर एकटा चावडीपुढं,
"अरं, कुणी हाय का न्हाई?"
आम्ही एवढ्या हसलो
की जैबून फांदीवरून पडली, मनगट मोडून घेतलं.

तिचा बाप कासीम पिंजारी.
कापूस उडून भुवयांवर बसायचा त्याच्या,
वर्षभर म्हातारा,
ईदेला न्हाला की एकदम तरणा.

घाणा जाळला आमचा, ज्येष्ठात.
तेल पिऊन मुरलेलं लाकूड, तीन दिवस जळत होतं.
वास चांगला येत होता.
असं म्हणू नये, पण येत होता.
आम्ही खाली, एकमेकींच्या तोंडावर हात.
वर पेवाच्या दगडावर बसून
कासीम पिंजत होता, तुंई तुंई,
विचारणाऱ्याकडं मान वर न करता.

मग भादव्यात विमान.
एकच, उन्हात घासलेल्या पळीसारखं.
पाच दिवसांत राज्य बदललं, पेढे आले,
आणि सहाव्या दिवशी पुन्हा धूळ.
ही धूळ आपल्या माणसांची होती.
तांब्या बडवायचा की नाही, मला कुणी सांगितलं नव्हतं.
जैबूननं बडवला.

आबानं कंदील सोडला.
पावसाळ्याची ओल. ज्योत निळी झाली,
आडवी झाली,
विझली नाही.
जैबून उतरली, तिची आई, मागून कासीम.

दुसऱ्या रात्री कासीम वर आला.
शेळी ओरडत होती, पान्हा दाटलेला,
एवढी धार काढून येतो म्हणाला.

पहाटे आबानं दगड सरकवला.
जैबून?
हाजिर जनाब.
भाभी?
हां.
कासीम?
थोडा वेळ काही नाही.
मग तोच आवाज, जरा जाड करून,
हाजिर जनाब.

शाळेत आम्ही एकमेकींची हजेरी अशीच लावायचो.
मास्तरांना कळायचं.
आबालाही कळलं.
उडी घेतली नाही त्यानं.
दगड परत ओढला, आणि जळक्या घाण्याभोवती
बैल नसताना
उजाडेपर्यंत फिरत राहिला.

आता सप्टेंबरात झेंड्याला बोलावतात मला.
शाल, नारळ, खुर्चीला पांढरं कापड.
मी घाण्याचं सांगते, मल्हारीचं सांगते,
पाटीवरच्या रेघेला पोरं हसतात.
तिथं आभार मानतात, चहा येतो.

जैबूनला तिच्या मामानं बिदरकडं नेलं.
आमच्या गादीत कासीमचाच कापूस होता.
दोन वर्षांत गोळे झाले, पाठीला टोचायचे.
आई दर दसऱ्याला गादी उन्हात टाकायची,
काठीनं झोडपायची,
आणि कुणाला द्यावी पिंजायला, म्हणून
रस्त्याकडं बघत बसायची.