एकतीस डिसेंबरला कुठे होता

साडेआठला तिकडे सकाळचे नऊ वाजतात.
नवापुरात वीज असली तर
मी पाटावर लॅपटॉप मांडते
आणि कॅनडाचा आयकर भरायला घेते.
माझा नाही. वेन हॅलोरनचा.
तो ट्रक चालवतो,
पावत्या बुटांच्या खोक्यात साठवतो.

कमाईच्या आधी फॉर्म विचारतो:
एकतीस डिसेंबरला कुठे राहत होता?
वर्षभर कुठेही राबा,
त्या रात्री ज्या प्रांतात तुमचं बिऱ्हाड
त्याचा दर साऱ्या वर्षाला.
केंद्राचा कर, प्रांताचा कर, कागद एकच.
फक्त क्वेबेकला आपला कागद वेगळा लागतो,
लग्नात रुसलेल्या मामासारखा.

विक्रीकराचं निराळंच.
ऑन्टारियोत दोन्ही एकात कालवलेले, तेरा टक्के.
ब्रिटिश कोलंबियाच्या पावतीवर पाच, आणि खाली सात.
अल्बर्टात ती खालची ओळच नाही.

वेनचं गाव लॉइडमिन्स्टर.
गावातून रस्ता जातो,
अलीकडे सास्काचेवान, पलीकडे अल्बर्टा.
नोव्हेंबरात त्याने रस्ता ओलांडून घर घेतलं.
म्हणाला, एका गावात दोन सरकारं,
तुला कसं समजावू?

मी हसले.
आमच्या स्टेशनात तिकीट खिडकी महाराष्ट्रात,
मास्तर गुजरातेत,
आणि बाकड्याच्या मधोमध रंगाची रेघ.
बाबा तिथे डबा सोडायचे,
भाकरी इकडे, ठेचा तिकडे.

बाबा जकात नाक्यावर होते.
दोरी खाली पडली की ट्रक थांबायचा,
मग गोणीत हात घालून ते वजन सांगायचे.
कार्बनची निळाई अंगठ्यावरून कधी गेली नाही.
जकात बंद झाली त्या संध्याकाळी
दोरी सोडून घरी आणली.
तिच्यावर आता माझ्या ओढण्या वाळतात.

वेनचं सांगितलं तर बाबांनी विचारलं,
"रस्ता वलांडीसन कितला पैसा वाचनात?"
हिशेब करून म्हटलं, महिन्याचं डिझेलसुद्धा नाही.
"मंग कसाले गया तो?"

मीही विचारलं होतं.
नव्या घराच्या मागच्या खिडकीतून
मुलीच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

बाबा दोरीवरचा टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले,
"पावतीबुकमा बी नव्हतं."

मी प्रांत भरला. अल्बर्टा.
बाहेर सुरत पॅसेंजर लागली होती,
डबे काही इकडे,
काही तिकडे.