खराटा

या, इकडं कमानीखाली या.
वारा लागेल, पण आवाज घुमतो इथं.
बत्तीस वर्षं क्रेनच्या केबिनमधून ओरडून
जो काही उरलाय तो.
मी द्राहोमीरा.
या वस्तीचं प्लास्टर वाळत होतं
तेव्हा मी रांगत होते.

तुमच्या पत्रकात नकाशा आहे:
रुंद रस्ता, दुतर्फा लिंडनची झाडं,
पाळणाघर, धुलाईघर,
कुठल्याही दारापासून चारशे पावलांवर पाव.
खरं आहे ते. मी मोजलीयत.
लग्नाआधी तीनशे ब्याण्णव भरायची,
आता गुडघ्यामुळं साडेचारशे.

तेव्हा सगळं ओस्त्रावा एकाच चुलीवर जगायचं.
वारा तिकडून फिरला की
दोरीवरच्या चादरींवर काजळी उतरायची.
आई चादर झटकायची आणि म्हणायची,
'बाप यायचाय अजून,
त्याचं काम आलं बघ घरी.'

मधला चबुतरा रिकामा आहे.
कोण होता, ते विचारू नका, सगळे विचारतात.
पोरं त्यावरून स्केटबोर्ड उडवतात,
एवढा उपयोग त्याचा आधी कधी झाला नव्हता.

पाय जपून.
या पायऱ्यांचा दगड कैद्यांनी घडवला.
हे पत्रकात नाही.
एकानं खालच्या अंगाला आपलं नाव कोरलंय म्हणतात.
पायरी उचलल्याशिवाय कळायचं नाही,
आणि उचलायला परवानगी नाही.

आता वर बघा. नाही, घड्याळाच्या डावीकडं.
ती बाई, डोक्याला रुमाल, काखेत गव्हाची पेंढी,
'भविष्याकडं पाहणारी' असं लिहिलंय ना?
ती आमची आई. ब्लाझेना.
शिल्पकाराला चेहरा हवा होता,
आणि ही जिना झाडत होती.
तीन दुपारी उभी राहिली, हातातल्या खराट्यासकट.
पेंढी त्यानं मागाहून केली, अंदाजपंचे.
नीट बघा,
गव्हाला कधी असा दांडा असतो?
समितीत इंजिनीयर होते, एक कवीही होता,
नांगर धरलेला एकही नव्हता.

आणि भविष्य वगैरे काही नाही हो.
ती बघत होती समोर, तिसऱ्या मजल्यावर.
मी एकटी होते आत,
आणि खिडकी उघडी राहिली होती.
शिल्पकार म्हणाला म्हणे,
'अशीच, हलू नका,
डोळ्यांत काय तेज आलंय!'

तीच ती खिडकी, निळ्या पडद्याची.
मी अजून तिथंच राहते.
चौकट कुजलीय. बदलायला अर्ज केला.
उत्तर आलं: वारसा वास्तू आहे,
मूळ स्वरूप जपावे.
मी उलट टपालानं कळवलं,
मूळ स्वरूपात हिची कडी लागत नव्हती.
अजूनही लागत नाही.
त्यावर काही आलं नाही.

चला, पुढं पाळणाघर.
आता तिथं दातांचा दवाखाना आहे,
पण बाहेरच्या भिंतीवर
खारीचं चित्र तसंच आहे,
एक कान गेलाय फक्त.