सराव

दांडिया बाजारात आमच्या जिन्याखाली
व्हिसावाल्याचं ऑफिस आहे, काचेवर लाल मेपलचं पान.
परवा तिथला केयूर मला अडवून विचारत होता,
"स्टुडंट के वर्क?"
दोन्ही नाही. स्वयंसेवक. मलावी.
"पगार?"
नाही.
"पछी पीआर?"
नाही रे बाबा.
दुकानात येऊन कुणी काही न घेताच
पैसे ठेवून जावं, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

घरात हाच प्रश्न वेगळ्या दाराने येतो.
आई तूरडाळ निवडता निवडता म्हणते,
इथे कुणाचे पाय वाकडे नाहीत का?
आहेत.
सयाजी हॉस्पिटलात इंटर्नशिपचे सहा महिने मी रोज पाहिले.
दाहोदहून रात्रीच्या गाडीने आलेली बाई,
तिच्या मांडीवर बाळ, त्याची आत वळलेली पावलं,
आणि एक वाजता बंद झालेली खिडकी.
ती दुसऱ्या दिवशी परत आली का,
मी विचारलं नाही.
आईलाही हे सांगितलेलं नाही.

पिवळ्या तापाची लस अहमदाबादला जाऊन टोचून आले.
ते कार्ड बाबांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय.
शेजारच्या कोकिळाबेन थेपले देऊन गेल्या.
त्यांचे मामा बहात्तर साली
जिंजाहून एका सुटकेसवर परत आले होते,
म्हणे आत कपडे नव्हतेच, चहाचा सेट होता,
आणि एकही कप फुटला नव्हता.
हे त्या का सांगत होत्या, कळलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर
मी बाबांना झोपाळ्यावर बसवते.
कापूस, प्लास्टरच्या पट्ट्या, घमेल्यात कोमट पाणी.
जायच्या आधी हात बसायला हवा.
तिकडची पावलं माझ्या तळहातात मावतील अशी असणार,
हे नऊ नंबरचं,
बत्तीस वर्षं तिन्ही पाळ्यांना गेलेलं.
टाचेला भेग. करंगळीचं नख काळं.
इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं.
नमस्काराला वाकतो तेव्हा आपण डोळे मिटतो.

"हलू का?"
हलू नका.
पट्टीवर पट्टी. पांढरं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत.
"अगं हेमांगी, हे तापतंय!"
तापतं. मग निवतं. मग घट्ट होतं.
तोवर दोन्ही हातांनी धरून ठेवायचं,
दाब सुटला की वळण बिघडतं.
झोपाळ्याच्या कड्या गप्प.
आम्ही दोघं इतका वेळ इतके जवळ
बहुधा मी चालायला शिकले तेव्हाच होतो.

बाबा पाय उचलून बघतात, जड.
म्हणतात, झालं तर मग,
आता मी काही स्टेशनवर येत नाही.
आई हसते.
मग उठून ओट्यापाशी जाते, तिथे काही काम नसताना.

प्लास्टर भिजवून सोडवायचं असतं,
पण पट्टीचं टोकच सापडेना.
घमेल्यात पाय, त्यावर आम्हा तिघांची डोकी,
साडेअकरापर्यंत शोधत बसलो.

सकाळी मनसुखभाईच्या धान्याच्या काट्यावर बॅग.
पंचवीस किलो सहाशे. तेवीसच चालतं.
आईने भर फुटपाथवर चेन उघडली.
उरलेल्या पट्ट्यांचा पुडा हातात धरला,
"हे तिकडे मिळत नाही?"
पुरेसं नाही.
तिने तो परत ठेवला.
शाल काढली, जाडे बूट काढले,
आणि सरतेशेवटी, माझ्याकडे न बघता,
स्वतः कुटलेल्या गोड्या मसाल्याचा डबा.

मनसुखभाई चष्मा वर करून काट्यात डोकावला.
बावीस नऊशे.
"सो ग्राम हजी चालशे," म्हणाला,
आणि कुणी मागितले नसताना
खारे शेंगदाणे कागदात ओतून
दोरा गुंडाळू लागला,
टोक दातांत धरून.