शेरा

बेतूलच्या हॉटेलात एक जुनी वही आहे,
कडा वाळवीने खाल्लेल्या.
तारीख, खोली, मासा, वजन, शेरा:
पाच रकाने, पट्टीने आखलेले.

चणक, सात किलो. तांबसो, चार.
गोबरो: दोरी तुटली, पाहुणे जेवले नाहीत.
खाली मालकिणीची सही, दोना एर्मेलिंदा.

आणि खोली नंबर तीन.
दर ऑक्टोबरात, समुद्र निवळला की
मडगावचे नोटरी, सिन्योर आबेलार्द,
ओळीने एकोणीस वर्षं.
मासा: नाही. वजन: नाही.
शेरा: उत्तम. पुढच्या वर्षी हीच खोली.

इनासला विचारलं. त्याचा बाप
त्यांची होडी वल्हवायचा,
साळ नदी खारी होते तिथवर.
जाळं शिवता शिवता इनास हसला,
दोरा दातांनी तोडला.

"गरीला आमिष लावायचेच नाहीत ते.
सुंगटं बापाच्या हाती द्यायचे,
घरी ने, म्हणायचे, हुमण करा.
मग रिकामी गरी पाण्यात सोडून
दिवसभर टोपीखाली.
एकदाच लागला मासा, नुसत्या गरीला,
कसा कोण जाणे. बापानेच ओढला.
सिन्योर इतके ओशाळले
की माशाची माफी मागून
परत सोडला."

त्या तारखेची ओळ मी शोधून काढली.
वजनाच्या रकान्यात खाडाखोड:
आधी चार किलो,
मग ते गिरमिटून, नाही.
शेरा तेवढा ठळक, दोनदा शाई फिरवलेला:
घरी सांगू नये.