कंट्रोल

ब्लॉक चौदाशे आठ. यकृत, सुईने काढलेला तुकडा.
पुरुष, एकसष्ट, राहणार दिघा.
एवढंच मला ठाऊक.
बाकीचा माणूस चार मायक्रॉनच्या पापुद्र्यात.

कोपरखैरण्याला, सेक्टर अठरा, बँकेच्या वरचा मजला.
कोमट पाण्यावर तरंगणारी मेणाची फीत
मी काचेवर घेतो,
आई घणसोलीत पानावरून फेणी सोडवायची तशी,
कडेकडून, श्वास धरून.

त्याच काचेच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक तुकडा.
नाव नाही. वय आहे, अठरा आठवडे.
कारखानीस मॅडम आल्या त्याच्या आधीपासून
तो लाकडी खणात आहे.
वर पेन्सिलीने: कंट्रोल.

गर्भाचं यकृत एक प्रथिन बनवतं
आणि जन्मानंतर सोडून देतं.
साठीच्या माणसात एखादी पेशी बिघडली
की तिला ते पुन्हा आठवतं.
कधीकधी.
या कधीकधीवर माझं घर चालतं.

कुकर साधाच, घरगुती. आत सायट्रेट, काचा उभ्या.
शिटी झाली की शेजारच्या क्लासमधली पोरं विचारतात,
काका, आज कुठली डाळ?

मग सशाच्या रक्तातून आलेली अँटिबॉडी,
एकाला शंभर पातळ केलेली,
तासभर ओल्या डब्यात.
जिथे बसते तिथे बसते.
न बसलेली मी तीनदा धुऊन टाकतो.

आधी कंट्रोल बघायचा.
तो तपकिरी झाला नाही
तर त्या दिवशी कुणाचंच काही खरं धरायचं नाही.

झाला. कोऱ्या चहाचा डाग पडावा तसा, पेशीपेशीत.
जे कोण होतं ते,
आजवर एकदाही खोटं बोललेलं नाही.

दिघ्याचा माणूस मात्र निळाच राहिला.

"निळा म्हणजे सुटला असं नाही हं, हसुराम,"
मॅडम भिंगावरून डोळे न काढता म्हणाल्या.
"काही गाठींना आठवतच नाही. उद्या ग्लायपिकन लावा."

उद्या पुन्हा दोघांना कापायचं.

कंट्रोलचा ब्लॉक झिजून
साबणाच्या शेवटच्या चिपेएवढा झालाय.
त्याच्या वेळी मी चाक हळू फिरवतो,
मेण वाया जाऊ नये म्हणून, असं सांगतो.
"नवा मागवा," मॅडम दोनदा म्हणाल्या.
मी हो म्हटलं, दोन्ही वेळा.
मागणीचा कागद
ॲप्रनच्या खिशात घड्या पडून मऊ झालाय.