खाच

दाढ दुखायची ती फक्त खाली.
वर, धक्क्यावर, चहा-खारी चालायची, सुपारीसुद्धा.
सात मीटरवर मात्र, टगबोटीच्या पोटाखाली,
दाढेत भरलेल्या चांदीच्या आत
अडकलेला हवेचा कण
सुईसारखा उभा राहायचा.

डॉक्टर फ्रेनी दुबाश, माझगाव, लाकडी जिना, पहिला मजला.
आरसा आत घालून म्हणाल्या, "काढावी लागेल."
मग सहज: "त्या गढूळ पाण्यात तुम्हाला दिसतं तरी काय?"
तोंडात कापूस होता, तसाच बोललो:
काही नाही. हातानं बघतो.
त्या हसल्या. "मागच्या दाढांना आम्हीपण."

मग सहा आठवडे.
स्ट्रॉ नाही, विडी नाही, शिट्टी नाही,
पुतण्याच्या वाढदिवसाला फुगा नाही.
शहाळं पेल्यात ओतून प्यालो, आजाऱ्यासारखं.
बुडी मारणं हा माझा धंदा,
आणि मी कोरड्यावर बसून बुडत होतो.

जीभ तेवढी कामावर जात राहिली.
दिवसातून शंभरदा त्या खड्ड्यात उतरायची,
कडा चाचपायची, टाके मोजायची,
काहीही न आणता वर यायची.
मी ओळखलं तिला.
पहिल्या वर्षीचा मी अगदी असाच,
उगाच धीट.

मुलगी म्हणाली, छपरावर टाका ना बाबा, नवा येईल.
आमचं छप्पर म्हणजे चौथ्या मजल्यावरचा पत्रा
आणि त्यावर तीन टाक्या.
नवा यायचं वय गेलं, हे तिला कुठं सांगत बसू;
दाढ कागदात गुंडाळली,
हत्यारांच्या पेटीत ठेवली.

आज भांगाचं पाणी, ओढ कमी.
बावतीसनं कमरेला दोरी बांधली,
गाठ दोनदा ओढून पाहिली,
नव्या माणसाची पाहतात तशी.
"दुखलं तर चार झटके. शूरपणा नको."

रेग्युलेटर तोंडात घेतला.
रबरावर माझ्याच चाव्याच्या जुन्या खुणा.
सगळे दात आपापल्या घरात जाऊन बसले,
एक घर उघडं राहिलं.

एक मीटर. पाणी चहाच्या रंगाचं.
दोन. स्वतःचा हात दिसेनासा झाला.
नाक चिमटून कान मोकळे केले.
तीनवर गालाच्या हाडात काहीतरी कुरकुरलं.
दुखणं नव्हे ते,
खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावानं
अजून येणारं पत्र.
पाच.
सहा.
सातवर थांबलो, वाट पाहिली त्या सुईची,
जिला दोन महिने शिव्या घातल्या होत्या.
आली नाही.
खरं सांगतो, जरा एकटं वाटलं.

मग बोटीचा तळ हाताला लागला,
थंड लोखंड, शिंपल्यांची खरखर,
पंख्याच्या पात्याची ओळखीची कड,
आणि तिच्यातली ती खोक,
मागच्या खेपेला मीच घासून लख्ख केलेली.
आता कालवांनी गच्च.
सहा आठवडे फक्त!
समुद्राला रिकामी जागा बघवत नाही.
खरवडणी काढली, लागलो कामाला.

दोरीला झटका: बरा आहेस?
उत्तर द्यायचं राहून गेलं,
मी माझाच श्वास ऐकत होतो,
आत जाताना खरखरणारा,
बाहेर पडताना बुडबुड्यांनी लोखंडावर घरंगळणारा.
दुसरा झटका, रागाचा.
दिलं उत्तर.

वर येऊन मास्क काढेपर्यंत
बावतीस पेटीत वायसर शोधायला बसला होता.
कागद उलगडून, चिमटीत काहीतरी पिवळट धरून
उजेडात फिरवत म्हणाला,
"हा रे कुठल्या पंपाचा?"

मी थुंकलो. पाण्याकडे पाहिलं. लाल नव्हतं.
"जुन्या," म्हटलं.
"असू दे तिथंच."