जुन्या ओळी

डंडी, पहाटेचे तीन.
इस्पितळाच्या लॉगमध्ये कुणीतरी आत येऊ पाहतंय,
नावाच्या जागी नुसतं ????????
आठ. बोटानं मोजली.

अकरा वर्षांपूर्वी फर्गसनं हा सर्व्हर लावला,
लोकॅलपुढे नुसता सी ठेवला.
त्याचं तरी काय चुकलं,
तेव्हा हजेरीला सगळे मॅकअल्पाइन.

मी यूटीएफ-एट लिहिते, सर्व्हर पुन्हा उठवते.
टे नदीवरचं धुकं काचेला चिकटलेलं.

नवी ओळ उमटते:
वेळापुरे, पासवर्ड चुकला.
अक्षरं चारच की! बाकीची चार
म्हणजे काना, उकार, दोन मात्रा.
त्यांनाही एकेक करून पुसलं होतं.

चहा गार.
वर सरकवून पाहते, जुन्या ओळी तशाच.
तिथे वेळापुरे अजून दाराशी,
आणि आतून कुणी विचारतंय,
कोण, कोण, आठदा.